भावाला बोलावण्याचा शब्द देण्याआधी

खान्देशातल्या यावल, रावेर, फैजपूर, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात ज्या गावचं कुणीच परदेशात नाही असं गाव आता विरळाच. केळीच्या नाहीतर कपाशीच्या पैशावर, कधी वावराचा तुकडा गहाण टाकून थोरला इंजिनिअर झाला, पुण्याला नोकरीला लागला आणि कंपनीने त्याला बाहेर पाठवलं. त्याच दिवसापासून घरात एक प्रश्न सुरू होतो आणि पुढे वर्षानुवर्षं संपत नाही: धाकट्याला कधी नेणार? आईवडील विचारतात, आत्या-मावश्या विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला भाऊबंदही विचारतो. थोरल्याचा भावावर जीव असतो, आणि एवढ्या माणसांत नाही म्हणवत नाही. तो सांगून टाकतो, "नागरिक झालो की फाईल लावतो."

हा शब्द देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. फाईल लावायची तर खुशाल लावावी, कायद्याने दिलेला हक्क आहे. पण तिच्या भरवशावर भावाच्या किंवा बहिणीच्या आयुष्यातला एकही निर्णय पुढे ढकलू नये. असं का, ते समजायला आकडे बघावे लागतात, आणि आपल्या घरांत नेमके तेच कुणी बघत नाही.

अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त आशा तिथलीच असते. तिथल्या कायद्यात भावंडांसाठी वाट आहे. १९९० च्या कायद्याने कौटुंबिक व्हिसाच्या पायऱ्या ठरल्या. त्यात चौथी आणि शेवटची पायरी भावाबहिणींची, तिला एफ-४ म्हणतात. अर्ज करणारा अमेरिकेचा नागरिक हवा आणि त्याचं वय किमान २१ हवं. नुसतं ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, असलेल्याला भावंडासाठी अर्जच करता येत नाही, आणि बहुतेक घरांचा हिशेब इथेच चुकतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेला आपला मुलगा भारतात जन्मलेला, त्यामुळे तो स्वतःच ग्रीन कार्डच्या लांबलचक रांगेत असतो. २०२५ च्या अखेरीस पदव्युत्तर शिक्षणवाल्या भारतीयांच्या रांगेत २०१३ साली अर्ज केलेल्यांची पाळी चालू होती. ग्रीन कार्ड हातात आल्यावर नागरिकत्वाला साधारण पाच वर्षं. म्हणजे २०१५ साली गेलेला मुलगा, तिथल्या नागरिकाशी लग्न वगैरे झालं नसेल, तर आज भावाचा फॉर्म भरायलाही पात्र नाही. घरी मात्र वाट बघणं कधीच सुरू झालेलं असतं.

आता समजा तो नागरिक झाला. आय-१३० नावाचा अर्ज भरला, ऑनलाइन ६२५ डॉलर किंवा कागदावर ६७५ डॉलर शुल्क भरलं. रक्कम फार मोठी नाही, आणि घरच्यांना वाटतं, निम्मं काम झालं. खरं तर तेव्हा फक्त रांगेतली जागा मिळते. या पायरीवर सगळ्या जगाला मिळून वर्षाला ६५,००० व्हिसा आहेत. त्यातच भावाची बायको आणि मुलंही मोजली जातात. चौघांचं कुटुंब असेल तर चार व्हिसा गेले. १९९० साली ठरलेला हा आकडा आजही तोच आहे. रांगेत मात्र २०२३ च्या तिथल्या सरकारी मोजणीत २० लाखांहून अधिक माणसं होती. भागाकार कुणीही करावा. शिवाय एका देशाच्या वाट्याला किती यावेत याचीही ७ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि भारतासारख्या मोठ्या देशाला ती जाचते. २०२५ संपताना भारतीय भावंडांपैकी ज्यांचा नंबर लागत होता, त्यांचे अर्ज २००६ च्या नोव्हेंबरच्या आसपासचे होते.

यावरून लोक म्हणतात, "म्हणजे एकोणीस वर्षं लागतात." तसं नाही. एकोणीस वर्षं २००६ वाल्यांना लागली. आज अर्ज करणाऱ्याच्या पुढे मधल्या सगळ्या वर्षांची गर्दी उभी आहे, आणि गेल्या दहा वर्षांत ही तारीख चार वर्षंसुद्धा पुढे सरकलेली नाही. जामदा कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. धरणातून आवर्तन सुटलं म्हणजे आपल्या चारीला पाणी आलं असं तो कधी धरत नाही. वरच्यांची भरणी किती बाकी आहेत ते बघूनच तो काय पेरायचं ते ठरवतो. तेवढा विचार आपण भावाच्या बाबतीतही करायला हवा.

मला सगळ्यात जास्त लागतं ते मुलांचं. भावाला न्यायचं ते त्याच्या मुलाबाळांचं भलं व्हावं म्हणून, असं आपण म्हणतो. कायदा काय म्हणतो? आईवडिलांबरोबर जाणारं मूल अविवाहित आणि २१ वर्षांखालचं हवं. समजा, जळगावच्या एका बहिणीसाठी २००६ च्या सप्टेंबरात अर्ज गेला, तेव्हा तिचा मुलगा चार वर्षांचा होता. २०२५ च्या अखेरीस नंबर लागला तेव्हा तो तेवीस वर्षांचा. २००२ च्या एका कायद्याने थोडी सूट दिली आहे: अर्ज मंजूर करायला सरकारने जितका काळ घेतला, तितका मुलाच्या वयातून वजा होतो. मंजुरीला पाच वर्षं लागली असतील तर मुलगा कागदावर अठरा वर्षांचा ठरतो आणि आईबरोबर जाऊ शकतो. मंजुरी दोनच वर्षांत झाली असेल तर तो एकवीसचा ठरतो आणि मागे राहतो. त्याच्या हातात यातलं काहीच नसतं. अशा मुलांना आईवडिलांच्या अर्जाची जुनी तारीख तरी मिळावी म्हणून तिथे खटला चालला. २०१४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. मग पन्नाशी ओलांडलेल्या आईबापांनी मुलाला इथे ठेवून तिकडे जायचं, की इतकी वर्षं वाट पाहिलेला व्हिसा सोडून द्यायचा? २००६ वाल्यांची ही गत, तर आज दोन वर्षांचं लेकरू कडेवर घेऊन अर्ज करणाऱ्यांनी त्या लेकराच्या नावाने आशा धरणं मला क्रूर वाटतं.

मधल्या काळात अर्ज करणारा गेला तर अर्ज आपोआप रद्द होतो. दयेच्या आधारावर तो पुन्हा उभा करता येतो, पण ते सरकारच्या मर्जीवर. नंबर लागल्यावरही बोलावणाऱ्याला हमीपत्र द्यावं लागतं: तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न हवं आणि येणाऱ्याच्या पोटापाण्याची कायदेशीर जबाबदारी घ्यावी लागते. ती जबाबदारी सहसा आलेला माणूस नागरिक होईपर्यंत किंवा त्याची नोकरीची दहा वर्षं भरेपर्यंत सुटत नाही. पंचेचाळिशीत अर्ज करणारा थोरला तोवर सत्तरीच्या पुढे गेलेला असेल. निवृत्तीच्या पैशात तो ही हमी कशी देणार, हे शब्द देताना कुणी विचारत नाही.

दुसरा एक परिणाम लोकांच्या ध्यानात येतो तोवर उशीर झालेला असतो. अमेरिकेचा साधा पर्यटक व्हिसा मागताना फॉर्मवर प्रश्न असतो: तुमच्यासाठी कुणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का? खरं उत्तर "हो" असतं, आणि तेच द्यावं लागतं. पर्यटक व्हिसा मागणारा परत जाणार नाही असंच तिथला कायदा धरून चालतो. परत येणार हे पटवून द्यायची जबाबदारी आपल्यावर. ज्याच्या नावावर कायमचं जाण्याचा अर्ज पडून आहे, त्याला ते पटवणं जड जातं. पुतण्याच्या मुंजीला किंवा बहिणीच्या बाळंतपणाला दोन महिने जाऊन येण्याची वाटही अशाने अवघड होऊन बसते. तीस वर्षांनंतरच्या शक्यतेसाठी आजची भेट पणाला लावायची का, हे दोघा भावंडांनी बसून ठरवावं. एकट्याने परस्पर फाईल लावू नये.

याहून वाईट सल्ला मी ऐकला आहे. नागरिक झालेला मुलगा आईवडिलांना लवकर नेऊ शकतो, त्यांच्यासाठी आकड्याची मर्यादा नाही. मग आईवडिलांनी ग्रीन कार्ड घ्यायचं आणि त्यांनी इथल्या अविवाहित मुलासाठी किंवा मुलीसाठी अर्ज करायचा. ही रांग भावंडांच्या रांगेपेक्षा खरोखरच छोटी आहे, २०२५ च्या अखेरीस ती २०१६ पर्यंत आली होती. पण अट अशी की व्हिसा मिळेपर्यंत त्या मुलाने लग्न करायचं नाही. लग्न झालं की अर्ज संपला. पंचवीस वर्षांच्या मुलीला नऊ-दहा वर्षं, कदाचित जास्तच, बिनलग्नाची थांबवायची, आणि म्हाताऱ्या आईबापांनी ग्रीन कार्ड टिकवण्यासाठी मनाविरुद्ध तिकडच्या थंडीत राहायचं. कायद्यात बसतं म्हणून ते घरात बसवायचं का? मुलीने स्वतः विचार करून ठरवलं तर गोष्ट वेगळी. पण मुलीचं काय म्हणणं आहे, हे अशा बैठकीत विचारलं जातच नाही.

बाकीच्या देशांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे सांगण्यासारखंच कमी आहे. कॅनडात भावंडाला सरळ बोलावता येतं ते तो अनाथ, अविवाहित आणि अठरा वर्षांखालचा असेल तरच. किंवा बोलावणाऱ्याला जोडीदार, मूल, आईवडील असं जवळचं कुणीच नसेल तर. पण भाऊ तिथे असला तर एक्स्प्रेस एन्ट्रीत, म्हणजे गुण मोजून माणसं निवडण्याच्या तिथल्या पद्धतीत, धाकट्याला १५ गुण जास्त मिळतात, एकूण १,२०० पैकी. बाकीचे गुण त्याने स्वतःच्या शिक्षणावर, वयावर आणि भाषेवर मिळवायचे. ऑस्ट्रेलियात जगात इतरत्र कुणी जवळचं उरलेलं नसलेल्यांसाठी एक व्हिसा आहे. त्याची रांग अनेक दशकांची, आणि आपल्या भरल्या घरातला माणूस त्यात बसतही नाही. मात्र मोठ्या शहरांबाहेरच्या भागात राहणारा भाऊ किंवा बहीण ४९१ क्रमांकाच्या कौशल्य व्हिसासाठी पाठिंबा देऊ शकते, त्याचेही १५ गुण. ब्रिटनमध्ये वय, आजार किंवा अपंगत्वामुळे कायम दुसऱ्याच्या हाताची गरज असेल तरच सज्ञान भावंडाचा विचार होतो, आणि २०१२ पासून ती अट फार कडक आहे. न्यूझीलंडने भावंडांचा वर्ग २०१२ मध्येच बंद केला.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी दिसते. नवरा-बायको, लहान मुलं आणि थोडेफार आईवडील, इथे या देशांचं कुटुंब संपतं. आपल्याकडे चुलतभाऊसुद्धा भाऊच असतो. तिकडे सख्खाही दूरचा. मला हे पटत नाही. नव्या देशात पहिलं दुकान उभं राहतं ते भावाच्या पैशावर आणि बहिणीने सांभाळलेल्या लेकरांच्या जोरावर. जगभरच्या स्थलांतरितांचा अनुभव तसाच आहे. अमेरिकेत २०१३ साली सेनेटने मंजूर केलेल्या विधेयकात भावंडांची पायरी काढून टाकायची तरतूद होती. ते विधेयक पुढे प्रतिनिधिगृहात चर्चेलाच आलं नाही आणि पायरी वाचली. ती काढावी असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी समजू शकतो: कुणाला घ्यायचं हे ठरवायचा त्या देशाला हक्क आहे, आणि नात्यापेक्षा कौशल्य बघावं असं त्यांना वाटतं. पण मग तसं सांगावं. आकडा वाढवायचा नाही, पायरी काढायची नाही आणि अर्जाचं शुल्क मात्र घेत राहायचं, हे न्यायाचं नाही. निदान अर्ज स्वीकारतानाच आजच्या गतीने किती वर्षं लागतील ते पावतीवर छापावं, एवढी मागणी तिथे मत देणाऱ्या आपल्या माणसांनी आपल्या प्रतिनिधींकडे करायला काय हरकत आहे?

आपल्याकडची मागणी वेगळी आहे. "भावाला बोलवा" म्हणून जाहिरात करणारे आणि नोंदणीच्या नावाने लाखभर रुपये घेणारे सल्लागार आता तालुक्याच्या गावापर्यंत आले आहेत. पंजाबने २०१२ साली अशा धंद्यासाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. महाराष्ट्रातही तसा कडक परवाना हवा आणि तो दुकानात दर्शनी लावलेला हवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानातून बेकायदा राहणारे म्हणून जे १०४ जण परत पाठवले गेले, त्यात तिघे महाराष्ट्रातले होते. रांग इतकी लांब असली की चोरवाटा दाखवणारे भेटतातच.

ज्यांना हे सगळं माहीत असूनही अर्ज करायचाच आहे, त्यांनी एक काम आज करावं: कागद. आपण एकाच आईचे किंवा एकाच बापाचे, हे जन्मदाखल्यावरून सिद्ध करावं लागतं. खान्देशात पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे थोरल्याची नोंद मामाच्या गावच्या ग्रामपंचायतीत, धाकट्याची जळगावच्या नगरपालिकेत. एका दाखल्यावर आईचं नाव कासाबाई, दुसऱ्यावर कस्तुराबाई, शाळेच्या दाखल्यावर आईचं नावच नाही. जुन्या नोंदीत बाळाच्या नावाची जागा कोरी, नुसतं "पुरुष" किंवा "स्त्री". कधी नोंदच नसते. मग नोंद नसल्याचा दाखला घ्यायचा, जोडीला शाळा सोडल्याचा दाखला आणि त्या वेळी हयात असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. बाळंतपणाला हजर असलेली आत्या आज ऐंशीची आहे. वीस वर्षांनी मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीचं पत्र येईल तेव्हा तिचं प्रतिज्ञापत्र कुठून आणणार?

आता या सगळ्यात ज्याचं नाव कुणीच घेत नाही, त्या राहिलेल्या भावाबद्दल. फाईल लागली की तो घरात राहूनही जाणारा होऊन बसतो. वावरात ठिबक करायचं ठरलेलं असतं, ते राहतं, कारण आपल्याला तर जायचंय. जळगावात जागा घेऊन शीतगृहाचा विचार केलेला असतो, तो राहतो. सोयरीक जुळवताना मुलीकडच्यांना सांगितलं जातं की मुलगा अमेरिकेला जाणार आहे, आणि एक मुलगी त्या शब्दावर या घरात येते. पाच वर्षांनी ती विचारायला लागते. त्याच्याकडे उत्तर नसतं, मग राग थोरल्यावर निघतो: दादाने मनावर घेतलं नाही. दादाच्या हातात काही नव्हतं. त्याने शब्द दिला तेवढीच चूक.

आणि हा राहिलेला भाऊच सगळं बघत असतो. वडिलांची अँजिओप्लास्टी, आईचा मोतीबिंदू, केळीवर आलेला करपा, पीकविम्याचे हेलपाटे, भाऊबंदांतली सुखदुःखं, सगळं त्याच्या डोक्यावर. हे त्याचं काम आहे आणि ते मोठं आहे. पण तो जाणाराच आहे असं धरल्यामुळे घर त्याला काम म्हणून मोजतच नाही, ती वाट बघण्यातली वेळ काढणं ठरते. दोघे गेले तर "माय कोणाजोडे राही?" (आई कुणाजवळ राहील?) हा प्रश्न गल्लीतल्या बायका उघड विचारतात. घरातली पुरुषमंडळी मात्र तो टाळतात. त्या बायकांचं बरोबर आहे.

म्हणून परदेशातल्या भावाबहिणींना माझं सांगणं आहे. धाकट्याला जायचंच असेल तर त्याने स्वतःच्या पायावर जावं आणि तुम्ही त्याचा खर्च उचलावा. शिरपूर-धुळ्याकडे औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या, नर्सिंग केलेल्या मुलामुलींना जर्मन भाषा शिकायला वर्ष-दीड वर्षाचा खर्च दिला तर त्यांना तिकडे वाव आहे. जर्मनीने जून २०२४ पासून नोकरी शोधायला येण्यासाठी गुणांवर आधारलेलं 'संधी कार्ड' सुरू केलं आहे, त्याला तिथे भाऊ असण्याची गरज नाही. कॅनडाने जानेवारी २०२४ पासून विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आहे, तेव्हा निव्वळ कॉलेजात नाव घालून पाठवायचे दिवस गेले. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, म्हणजे तुम्ही गेलात तो दरवाजाही आता तसा राहिलेला नाही. हे त्याला स्पष्ट सांगा.

आणि त्याला जायचं नसेल, किंवा जाणं जमत नसेल, तर जमिनीचं बोला. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं, कसणारा एकटा. २००५ च्या दुरुस्तीनंतर बहिणीचाही बरोबरीचा हक्क आहे, तिच्याकडून हक्कसोड गृहीत धरू नका. परदेशी नागरिक झालेल्या किंवा तिकडे स्थायिक झालेल्या माणसाला इथली शेतजमीन वारशाने मिळू शकते, पण विकत घेता येत नाही. आज भावाला देऊन टाकलेलं वावर उद्या पुन्हा घेता येणार नाही, हेही ध्यानात असू द्या. ज्याने वीस वर्षं आईबापांना आणि वावराला सांभाळलं त्याचा वाटा किती, ते आईवडील असताना, त्यांच्यासमोर ठरावं आणि वाटणीपत्र नोंदवून घ्यावं. आईच्या औषधांचा महिन्याचा खर्च कोण देणार, ती आजारी पडली तर विमानाचं तिकीट काढून कोण किती दिवस येऊन राहणार, हेही त्याच बैठकीत. श्रावणात कानबाईच्या रोटाला सगळे भाऊबंद एका घरी जमतात, बाहेरचेही जमेल तसे येतात. पुढच्या श्रावणात त्या दिवशी दुपारी दोन तास यासाठी राखून ठेवा, आणि घरात राहिलेल्या सुनेला त्या बैठकीत बसवा.